मामांचा कान आणि गाडीचा पट्टा

जगात असं एकही यंत्र नसेल की ज्याने माझ्या बायकोच्या मामांपासून आपलं दुखणं लपवून ठेवलं असेल. आगरदांडा ते दिघी अशी लाँच चालायची तेव्हापासून उभा जन्म त्यांनी इंजिनाशेजारी काढला, आणि त्या धडधडाटात राहून त्यांचा कान बिघडायच्या ऐवजी उलट तयार झाला, असं सारं आगरदांडा मानतं. मिक्सरचा आवाज ऐकून ते आत नारळाचं वाटण आहे की डाळ, हे सांगत. भाचीच्या, म्हणजे आमच्याच लग्नात, भटजींना मंगलाष्टकं थांबवायला लावून ते मांडवामागच्या जनरेटरकडे गेले आणि एक नट आवळून आले. अक्षता तोवर सगळ्यांच्या मुठीत घामाने भिजल्या होत्या. माझं घोरणं एकच रात्र ऐकून "जावईबापू, नाकाचं हाड डावीकडं वाकडं हाय" असं त्यांनी चहाच्या वेळी सांगितलं होतं. पुढे डॉक्टरनेही तेच सांगितलं, फक्त फी घेऊन. नारळी पौर्णिमेला ते समुद्राला एक नारळ देतात आणि दुसरा घरातल्या पाण्याच्या पंपापुढे फोडतात, कारण त्यांच्या मते दोघांचाही भरवसा नाही.

अशा माणसाला ऐकू येतं की नाही हे तपासायला मला पाठवण्यात आलं, यासारखा विनोद नाही. पण मामी गेल्यापासून मामा एकटे राहतात, फोन वाजून वाजून बंद होतो, आणि मागच्या महिन्यात कुकर शिट्ट्या देऊन देऊन शेवटी करपला, असं शेजारणीने कळवलं. "ऐकू येत नसेल तर या खेपेला त्यांना पनवेलला घेऊनच या," असं बायकोने मला निघताना बजावलं होतं. पनवेलला मामा एकदाच राहिले होते, चार दिवस, आणि चारही दिवस गॅलरीत उभे राहून पाणी कुठल्या बाजूला आहे हे विचारत होते.

नागाव मागे पडलं आणि माझ्या जुन्या गाडीने किंचाळायला सुरुवात केली. किंचाळणं म्हणजे असं की वाडीवाडीतली कुत्री उठून उभी राहत होती आणि बायका हातातलं काम टाकून ओटीवर येत होत्या. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून हळहळ व्यक्त केली आणि एका कागदावर पट्टा, बेअरिंगं, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर असं लिहीत लिहीत बिल अठरा हजारांवर नेऊन ठेवलं. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि तशीच किंचाळत गाडी मामांच्या दारात आणली. सगळी आळी बाहेर आली. मामा तेवढे ओटीवर पाठमोरे बसून कोकमं निवडत राहिले. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकून हसले. माझ्या मनात तिथेच काहीतरी खचकन बसलं.

त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, "यात तुमच्या गाडीपेक्षा जास्त सामान लिवलंय." मग मला तो आवाज तोंडाने काढून दाखवायला सांगितला. शेजारणीच्या देखत मी किंचाळून दाखवलं. त्यांनी इंजिन सुरू करवलं, तांब्यातलं पाणी बोटांनी पट्ट्यावर शिंपडलं आणि विचारलं, "वाढला की मेला?" वाढला होता, कानठळ्या बसतील असा. मामांनी मान हलवली. पट्टा सैल पडून घसरतोय, बाकी काही नाही, म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनी एक बोल्ट ढिला केला, लाकडी दांड्याने अल्टरनेटर मागे रेटला, बोल्ट पुन्हा आवळला आणि पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. गाडी पुन्हा सुरू केली तर चिडीचूप. पण इंजिन चालू असताना दर वेळी ते इंजिनाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते, हे मला फार उशिरा उमगलं.

संध्याकाळी आम्ही जुन्या धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलो. खाडीवर ऊन पातळ होत चाललं होतं, जंगलजेटी, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही वाहून नेणारी मोठी बोट, पलीकडच्या काठाला लागलेली दिसत होती, आणि वारा इतका पडला होता की वेळ थांबल्यासारखा वाटत होता. मामांनी डोळे मिटले होते.

"निघाली," ते म्हणाले. "उजवं इंजिन दमलंय तिचं."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. डोळे ताणून पाहिलं तर जेटी खरंच काठापासून सुटत होती. ती अर्ध्या खाडीत आल्यावर मला तिची घरघर ऐकू आली, आणि एका बाजूची धाप लागल्यासारखी येत होती.

"बारीक आवाज येत न्हाय आता," मामा डोळे न उघडता म्हणाले. "शिटी न्हाय, फोन न्हाय. जाड आवाज येतात, पायातनं. भाचीला सांगणार काय?"

मी कबूल करतो, मला त्या क्षणी खोटं बोलावंसं वाटलं. इतका मोठा माणूस माझ्याकडे परवानगी मागत होता, याचीच मला लाज वाटली. पण बायकोशी खोटं बोलून मी आजवर कधी तरलेलो नाही. मी थोडं लांब जाऊन तिला फोन केला आणि सगळं सांगितलं: पाठमोरे मामा, पट्टा, तांब्या, आणि पाण्यातले पाय.

"शेवटच्या पायरीवर?" तिने विचारलं. "मामा मलाही तिथंच बसवायचा. मला कधी काही कळलं नाही, पण निघाली निघाली म्हणून ओरडायचे मी." मग नाक ओढून म्हणाली, "राहू दे त्याला तिथंच. दाराच्या घंटीला दिवा लावून घ्या, वाजली की पेटेल असा, आणि तो कुकर उचलून इकडे आणा."

मी परत पायरीवर आलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थोडं सरकून मला जागा करून दिली. जेटी धक्क्याला लागेपर्यंत मीही डोळे मिटून पाय पाण्यात ठेवून बसलो. मला फक्त पाणी गार लागलं.