परसातली नवी प्रजाती

आता काय सांगू तुम्हाला, अडाणी माणूस चूक करतो आणि लगेच सुधारतो. शिकलेला माणूस तीच चूक खतपाणी घालून वाढवतो! माझंच सांगते. आणि खतपाणी मी खरोखर घातलं होतं, शेणखताची दोन घमेली.

मी डहाणूच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माहेर साताऱ्याकडचं, सासर नरपडचं. सासरी चिकूची वाडी. घराच्या मागच्या दाराशी एक जुना चिकू, तो मात्र आईंचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासऱ्यांनी तो लावला होता. सासरे गेले, पण त्या झाडाचे चिकू कधी बाजारात गेले नाहीत. पहिली टोपली देवाला, दुसरी माझ्या नणंदेला, आणि उरलेले आई दुपारी उंबऱ्यावर बसून खायच्या.

तर २०१५ साल. तलासरीहून दरवर्षी छाटणीला येणारे रुपजीकाका पाय मोडून घरी पडलेले. दुसऱ्या गड्यांनी वाडी साफ केली, पण घराला लागून असलेल्या या झाडाकडे कुणी पाहिलंच नाही. इथूनच माझे ग्रह फिरले!

पुढच्या वर्षी वर्गात नवीन प्रजाती कशी तयार होते, हा भाग चालू होता. फळ्यावर मी झोकात वंशवृक्ष काढला. एक खोड, त्याला दोन फांद्या. "मुलांनो, पूर्वज एकच. वंशज हळूहळू वेगळे होत गेले, की झाल्या दोन प्रजाती!"

घरी आले, पाय धुवायला मागच्या दारी गेले, तर फळ्यावरचं चित्र समोर उभं! वर आमचा चिकू, आणि त्याच बुंध्यातून, अगदी बुडाशी, अंगठ्याएवढी जाड दुसरी फांदी. पानं भलतीच. लहान, जाड, टोकाला खाच. चिकूच्या पानाला कुठे हो खाच असते?

प्रजाती वेगळी व्हायला हजारो पिढ्या लागतात, हे मीच त्या दिवशी सकाळी शिकवलं होतं. पण ते सकाळी! संध्याकाळी मी पाय न धुताच वही आणायला धावले.

चारच दिवसांनी पाय बरा झालेले रुपजीकाका कोयता घेऊन हजर. वाकले, फांदी धरली.

"काका, कोयता खाली ठेवा!" मी अशी किंचाळले की कोंबड्या उडाल्या.

"बाय, ही खालची काढाया लागते. नाय काढली तं वरचा..."

"काका, यातलं तुम्हाला नाही कळायचं."

हे वाक्य मी म्हटलं. मीच! आजही आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

आई बाहेर आल्या. "अगो, काय करणार तू तिचं?"

"आई, हे जमलं ना, तर कॉलेजात माझं नाव होईल!"

आईंनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या, "रुपजी, राहू दे रे."

झालं! डहाणू रोडला गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवणाऱ्याकडून मी पत्र्याची पाटी करून घेतली. त्यावर भारदस्त लॅटिन नाव, आणि शेवटी आमचं आडनाव, त्यालाही लॅटिन शेपूट लावलेलं. पाटी तारेनं फांदीला बांधली. फूल आलं की जगाला कळवायचं ठरवलं.

फूल काही येईना. फांदी मात्र मनगटाएवढी झाली, आणि वरचा चिकू वाळायला लागला. पहिल्या वर्षी नणंदेची टोपली भरली नाही, दुसऱ्या वर्षी देवाची. आणि मी वहीत काय लिहिलं माहितीये? 'नवी प्रजाती जोमदार. जुनी माघार घेत आहे.' आई त्या दुपारी उंबऱ्यावर बसल्या होत्या. हातात एकच चिकू होता, तोही त्यांनी अर्धा मला दिला. मी खाल्लासुद्धा!

शेवटी २०१९ मध्ये मी मुंबईहून, मी शिकले त्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना बोलावलं. सर आले, पाटी वाचली, पान चुरगाळलं. भिंग काढलंच नाही. मला काही न विचारता, छाटणीला आलेल्या रुपजीकाकांकडे वळले. "काय हो हे?"

"रायण, सायेब. खाली रायण, वर चिकू. माझ्या बापानं बांधलेलं कलम हाय. हितले चिकू असंच असतात. रायणीला फूट आली का छाटायची, नायतं ती वरच्याला जगू देत नाय."

सर माझ्याकडे बघून हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"अगं, रायण म्हणजे आपली खिरणी. ती आणि चिकू चुलतभावंडं," ते म्हणाले. "म्हणून तर कलम जुळतं. लाखो वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोघे माणसानं परत एकत्र बांधले, आणि तू म्हणतेस ते आत्ता वेगळे होतायत? तू झाड उलटं वाचलंस."

आणि कलम मी शिकवते हो! खालचा खुंट, वरची फांदी, आकृती काढा, नावे द्या. आकृतीत फाटे चुकले म्हणून मुलांचे गुण कापलेत मी!

सर गेल्यावर मी आईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस, नाव होईल. मला वाटलं, नोकरी कायम व्हायला लागतं ते. चिकू काय, वाडीभर आहेत."

तीन वर्षं! त्या बाईनं माझ्या मूर्खपणासाठी तीन वर्षं आपलं झाड वाळताना पाहिलं. मला रडूच आलं.

"बाय, कापू?" रुपजीकाकांनी हळूच विचारलं.

"कापा!"

पुढच्या वर्षी देवाची टोपली भरली. नणंदेची अर्धीच, पण आईंचा उंबरा परत सुरू झाला.

आणि ती फांदी? रायणीचं लाकूड कणखर, रुपजीकाकांनी त्याची कोयत्याला मूठ केली. मूठ फुटू नये म्हणून तिला पत्रा गुंडाळला, माझ्या पाटीचा. आता बुडाशी कोंब दिसला की ते अंगणातून हाक मारतात, "बाय, नवीन जात आली वो! कापू का सायबाला बोलवू?" मी स्वयंपाकघरातूनच ओरडते, "कापा!" आणि कोयता उचलला की मुठीवर आमचं आडनाव चकाकतं, लॅटिन शेपटासकट.