रिंगखालची जागा

“तू मार गं. चुकलं तर मी हाय,” असं म्हणून ती रिंगखाली जाऊन उभी राहायची. गुडघे वाकवून, कोपरं बाहेर काढून. रिंगखाली कधी उभं राहून पाहा तुम्ही. चारी बाजूंनी धक्के बसतात आणि नजर वर ठेवावी लागते. शिरूर कासारच्या आमच्या शाळेच्या बास्केटबॉल संघात ती जागा तिचीच होती. चुकलेला बॉल कुठे उडेल, हे तिच्या पायांना आधीच कळायचं.

तिला स्वतःला बास्केट मारायचा मोह नव्हता. बॉल पकडला की परत माझ्याकडे. एकदा मी सारखी चुकत होते आणि ती दर वेळी बॉल काढून देत होती. शेवटी गेला एकदाचा आत. सर म्हणाले, “काय नेम आहे!” ती जर्सीत तोंड खुपसून हसायला लागली.

“कावून हसतीस?”

“न्हाई, नेम लई चांगलाय तुजा.”

दरवर्षी तिची आई आणि बापू ऊसतोडीला जायचे तेव्हा ती मावशीकडे राहायची. दहावीत मात्र आईची कंबर धरली. मोळ्या उचलायला माणूस हवं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसून ती म्हणाली, “जिंकून या. बापूच्या फोनवर सांग.”

बीडच्या सामन्यात आमचा नेम चुकला की बॉल त्यांचा. त्यांचा चुकला तरी बॉल त्यांचाच. त्या पुन्हा पुन्हा मारायच्या, आम्हाला मारायला बॉलच मिळेना. मिळाला की मी रिंगखाली बघायचे आणि पास देऊन टाकायचे.

“तू मारत का नाहीस?” सरांनी विचारलं.

संध्याकाळी फोन केला.

“हरलो.”

“माज्या जागी कोण होतं?”

“कुणीच न्हाई.”

ती म्हणाली, “ठेवते. गाडी भरायलेत.”

उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती मैदानावर आली. हातभर उसाच्या पाचटाचे ओरखडे. बॉल उचलून म्हणाली, “हलका झालाय का गं ह्यो?” बॉलमध्ये हवा बरोबर होती.

पुढे तिची शाळा सुटली, लग्न झालं, आता ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाते. पण ती आमच्या खेळाची शेवटची संध्याकाळ आहे, हे तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं. मी मुद्दाम नेम चुकवत राहिले. ती उडी मारायची, बॉल काढायची, परत द्यायची. एकदा माझ्या हातून बॉल सरळ आत गेला. ती हात वर करून तशीच उभी राहिली.

“आत कावून टाकलास?” म्हणाली.