शेवटच्या धड्यात आवाज नव्हता

दादा गेला तेव्हा मी दूरशिक्षणाच्या एका संस्थेत, कॉम्प्युटरवर इंग्रजी उतारे वाचून समजून घ्यायला शिकवणारा प्रोग्रॅम तयार करत होतो. तेराव्यानंतर कामावर गेलो, खुर्चीत बसलो आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलं. मला काही वाटत नव्हतं. लोक खांद्यावर हात ठेवायचे, तोही जाणवायचा नाही.

दादा तारनाक्याला रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होता. तिथंच त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत सगळं संपलं. त्याच्या जागी वहिनींना नोकरी मिळणार होती, पण कसली, ते शिक्षणावर होतं. दहावी असेल तर क्लार्क, नसेल तर शिपाई, आणि तेही त्याच ऑफिसात. म्हणजे दादाच्या टेबलाशी आता जो कोणी बसेल त्याला पाण्याचा ग्लास वहिनींनी नेऊन द्यायचा. आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण दुसरा विषयही नव्हता. वहिनी नांदेडकडच्या शेतकरी घरातल्या, नववीनंतर शाळा सुटलेली. दूरशिक्षणातून दहावीला बसल्या. बाकीचे विषय निघाले आणि इंग्रजीत घोडं अडलं.

खरं तर इंग्रजी त्यांना कळायचं, पण कानानं. घरात टीव्हीवर नवी नवी चॅनेलं आली, तरी संध्याकाळी दादा इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायचा आणि मध्येमध्ये मराठीत अर्थ सांगायचा. वहिनी भाकरी थापता थापता ऐकायच्या. पुढं पुढं त्याला अर्थ सांगावा लागेना, त्या आपणच "असं कसं हो सरकार?" म्हणायच्या. "आमच्या बायकोला पेपर कानांनी वाचता येतो," असं दादा त्यांना चिडवायचा. आता तोच कागद हातात दिला की त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहायच्या. मी एक ओळ वाचून दाखवली की लगेच कळायचं. पण परीक्षेत कोण वाचून दाखवणार, डोंबल?

म्हणून मी प्रोग्रॅममध्ये आवाज घातला. पहिल्या धड्यात पूर्ण उतारा ऐकू येईल, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात पहिलं वाक्य तेवढं, आणि चौथ्यात आवाजच नसेल. सायकल शिकवताना मागचा हात सोडतात ना, तसं. आमचे साहेब तेलुगू होते, त्यांना हे पटेना. "आवाज कायकू होना जी? कॉम्प्युटर में जगह खाता," म्हणाले. खेड्यापाड्यांतल्या मुलांना उपयोग होईल, असं मी त्यांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. वाचायला बाहेरचा माणूस बोलवायची मंजुरी मिळाली नाही, तेव्हा उतारे मीच वाचले. रेकॉर्डिंग करतानाही मला काही वाटलं नाही. पाणी प्यालो, उतारे वाचले, घरी आलो.

परीक्षेला फार दिवस उरले नव्हते. दर रविवारी मी वहिनींना स्कूटरवर नामपल्लीच्या अभ्यासकेंद्रात न्यायचो. त्या कानांना हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढं बसायच्या आणि मी बाहेर चहा घेऊन यायचो. येऊन बघावं तर पहिलाच धडा सुरू. पुढच्या रविवारी पहिलाच, त्याच्या पुढच्याही रविवारी पहिलाच. उत्तरं सगळी बरोबर, पण पाऊल पुढं नाही. मी कपाळाला हात लावला. एकदा मागं जाऊन उभा राहिलो तर त्या पडद्याकडं बघतही नव्हत्या, डोळे मिटून बसल्या होत्या.

"वहिनी, धडा पाठ झाला असेल आता. पुढं चला की," मी जरा चिडूनच म्हणालो.

त्यांनी हेडफोन काढला. "पुढच्या धड्यात तुम्ही अर्ध्यातच गप्प होता."

"तो प्रोग्रॅमच तसा आहे."

"ठाऊक आहे मला." त्या हेडफोनची वायर सरळ करत राहिल्या. "भाऊजी, हा यांचा आवाज आहे. तुमचा म्हणून मी तो एकदाही ऐकला नाही."

आम्हा दोघा भावांचा आवाज सारखाच होता. फोन उचलला की समोरचा आधी विचारायचा, "कौन, बडे की छोटे?" दादा मुद्दाम माझं नाव सांगून लोकांना फसवायचा. दादा गेल्यापासून हे कोणी विचारत नव्हतं आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

त्या दिवशी मी वहिनींना स्कूटरवर परत आणलं. घरासमोर उतरल्यावर म्हणाल्या, "आवाज काढून टाका. सगळ्याच धड्यांतून. नाही तर मी पहिल्याच धड्यावर बसून राहीन आणि ऑफिसात पाणी भरायची वेळ येईल."

बाकीच्या मुलांसाठी आवाज ठेवला, वहिनींच्या कॉपीतला पुसला. बटणं दाबली आणि काम झालं. पुढचे सगळे रविवार त्या मुक्या पडद्यापुढं बसून राहिल्या. आधी ओठ हलायचे, मग तेही थांबले. चहाला बोलावलं तरी "ठैरा जरा" म्हणायच्या. घरीही आता त्या पेपर हातात घेऊन गप्प वाचत बसायच्या आणि संध्याकाळी घरात कुकरच्या शिट्टीशिवाय काही ऐकू यायचं नाही.

पास झाल्या. मार्क बेताचेच होते, पण क्लार्कची ऑर्डर आली.

त्या कामावर रुजू झाल्या त्या दिवशी मी रजा काढून घरीच थांबलो होतो. दुपारी फोन वाजला. मी हॅलो म्हणालो तर पलीकडून कोणी बोलेना. मला वाटलं लाइन गेली.

"मीच आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"काय झालं? कोणी काही बोललं का?"

"नाही हो, चांगली आहेत माणसं. टेबल दिलंय. यांचं नाही, दाराजवळचं आहे." मग म्हणाल्या, "आजचा पेपर आहे का तिथं?"

"आहे की."

"मग थोडा वाचून दाखवा. आता चालेल."

मी पेपर उघडला. पहिल्या पानावर शेअरबाजाराची बातमी होती, ती वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला तो आवाज मलाच ऐकू आला, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं. तसाच अडखळत वाचत राहिलो. बातमी संपेपर्यंत वहिनींनी फोन ठेवला नाही.