आमचे घरमालक आणि शकूच्या खिडकीचा पडदा

घरमालक नावाचा वर्गच समाजातून नाहीसा झाला पाहिजे, असं मी पत्रकांतून लिहीत आलो आहे आणि त्यातला एक शब्दही आज मागे घेणार नाही. मात्र भिंगारच्या आमच्या घरमालकांना हलवणं कोणत्याही क्रांतीला जमलं नसतं. जगात तात्पुरतं असं काही असूच नये, ही त्यांची एकमेव निष्ठा होती. उभा जन्म लष्कराच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेल्या या माणसाने निवृत्त झाल्यावर घरातली प्रत्येक हलती वस्तू पक्की करायचा सपाटा लावला होता. अंगणातल्या कडुनिंबाच्या सावलीत बसायला म्हणून त्यांनी एक बाक आणला आणि सकाळीच त्याचे चारही पाय सिमेंटमध्ये गाडले. दुपारी सावली सरकून विहिरीकडे गेली. तेव्हापासून ते रोज दुपारी डोक्यावर ओला पंचा टाकून भर उन्हात त्या बाकावर बसत. मी विचारलं तर म्हणाले, "बाक तितंच हाय की! सावलीच हलती, तिला काय करनार?" त्यांच्या ओसरीवरचं घड्याळ तर असं आवळून बसवलेलं होतं की किल्ली द्यायचं दारच उघडत नसे. ते कायम सव्वाचार दाखवी. "बंद हाय, पर हालतंय का बघा!" असं म्हणून ते पाहुण्यांना घड्याळ हलवायला लावत. काकू चुलीपुढून ओरडत, "माजं लगीनबी ह्येंनी शिमिटातच लावलंय. न्हाईतर कवाच गेले असते माहेराला."

त्यांच्या मागच्या खोलीत मी भाडेकरू होतो. माझी धाकटी बहीण शकू शिक्षिकेच्या कोर्ससाठी आमच्या गावाहून, काष्टीहून, माझ्याकडे राहायला आली, आणि तिच्याबरोबर त्या खोलीतल्या एकुलत्या खिडकीचा प्रश्नही उभा राहिला. खिडकी बोळात उघडणारी, दोन हात उंच आणि हातभर रुंद, गजाची, झडपा केव्हाच गळून पडलेल्या. समोर चहाचं हॉटेल. तिथल्या बाकड्यावर बसलं की चहा कपात दिसे आणि शकू खिडकीत. खिडकी झाकण्यापेक्षा बघणाऱ्यांच्या नजरा सुधारायला हव्यात, असं माझं ठाम म्हणणं होतं, आणि तसं एक पत्रकही मी लिहायला घेतलं होतं. शकू म्हणाली, "दादा, तुझं पत्रकसुद्धा ते इकडं बघत बघतच वाचतील. तू मला पडदा लावून दे." तिचं खरं होतं. शिवाय आबांचा निरोप आला होता. आबा म्हणजे आमचे वडील. पोरीला शिकायला पाठवायचं त्यांच्या मनात नव्हतंच. घरी तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. "रविवारी येतो. जागा बघतो. पोरगी उघड्यावर बसली असंल तर त्याच यष्टीनं माघारी आनीन," असं त्यांनी सांगून पाठवलं होतं. हे ऐकल्यापासून शकूने पुस्तक उघडलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी खिळे ठोकून पाहिले. भिंत दगडमातीची; खिळा ठोकला की मुठीएवढी माती घेऊन तो खाली येई. खिडकीच्या वर लगेच तुळई, डावीकडे आडवी भिंत आणि उजवीकडे कोनाड्याची पुढे आलेली भिंत. ब्रॅकेट बसवायला कुठेच जागा नाही. आवाज ऐकून घरमालक आले, त्यांनी जमिनीवर सांडलेली माती पाहिली आणि एखाद्याने त्यांच्याच अंगात खिळा मारावा तसा चेहरा केला. "ह्यो काय खेळ चालवलाय? खिळ्यावर पडदा? पावसाळ्यापर्यंत तरी टिकंल का?" ते आत गेले आणि पाण्याच्या नळाचा एक तुकडा, छिन्नी, हातोडी आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. डब्यात सिमेंट होतं. त्या वर्षांत सिमेंट परमिटाशिवाय मिळत नसे, आणि हे त्यांनी स्वतःसाठी जपून ठेवलं होतं. "ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत नळ घालू. मग हत्ती लोंबला तरी पडनार न्हाई."

त्यांनी दोन्ही भिंतींना भोकं पाडली. शकूने आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा शिवून ठेवला होता, वर दांडी ओवण्यासाठी छान रुंद नेफाही केला होता. तो तिने घरमालकांच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, हातात दिला. काकांनी खांद्यावर टाकला आणि अधूनमधून त्यालाच घाम पुसत कामाला लागले. मी नळ धरला, शकूने पाणी दिलं, काकूंनी दारात उभं राहून टोमणे मारले. नळ एका भोकात खोल सारला, मागे ओढून दुसऱ्यात बसवला, दोन्हीकडे सिमेंट थापून वर करणीने गुळगुळीत केलं. काका चार पावलं मागे सरले, समाधानाने हात झटकले आणि खांद्यावरचा पडदा काढून नेफ्याचं तोंड शोधू लागले.

नळाची दोन्ही टोकं भिंतीत होती.

काकू दारातूनच म्हणाल्या, "आता भिंती पाडा आन् वोवा पडदा."

"नळ काढून घेऊ या का?" मी भीत भीत विचारलं.

"आन् शिमिट?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नळाजवळचा हात मागे घेतला. शकूच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसलं असावं. ते एकदम म्हणाले, "रडू नगं पोरी. सुई-दोरा आन. नेफा उसव, नळाला गुंडाळ आन् हितंच शिव. मी नळ धरतो, हालू देत न्हाई."

मग शकू स्टुलावर उभी राहून शिवू लागली, आणि काका दोन्ही हात वर करून, ओलं सिमेंट ढळू नये म्हणून, नळ तोलून उभे राहिले. टाका जोरात ओढला की ओरडत, "हळू! कच्चं हाय!" मी हात बदलायला गेलो तर म्हणाले, "तुमचा हात भाषनाचा. हालंल." ऊन बोळातून निघून गेलं, हॉटेलातली गिऱ्हाइकं बदलली, पण काकांचे हात खाली आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा आले. पिशवी ठेवण्याआधी त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि सरळ खिडकीकडे गेले. दोर असो, खाट असो, पारख करायची ती ओढूनच, अशी त्यांची रीत. त्यांनी पडदा मुठीत धरला. तेवढ्यात दारातून गर्जना झाली, "ओ पावनं! सोडा त्यो पडदा! शिमिट वलं हाय! दोन दिस त्याला कुनी हात लावायचा न्हाई!"

आमच्या गावात आबांवर आवाज चढवलेला माणूस मी पाहिला नव्हता. आबांनी मूठ सोडली आणि हळूच मला विचारलं, "ह्ये कोन?"

"घरमालक."

"रोज असंच आरडत्यात?"

शकू पटकन म्हणाली, "हॉटेलवाल्यांवर तर याहून मोठ्यानं."

आबांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग टोपी काढून खाटेवर बसले. "मंग ऱ्हाऊ दे पोरीला. आसल्या घरात वाऱ्याचीबी हिंमत न्हाई आत यायची."

शकू हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. काकूंनी चहा आणला. आबांनी घेतला, मी घेतला, काका मात्र म्हणाले, "ठिवा खाली, घेतो मंग." आबांना वाटलं, राग गेला नाही. शकूला कळलं. तिने त्यांच्या कपातला चहा बशीत ओतला आणि बशी त्यांच्या ओठांशी धरली. काल नळ धरून भरून आलेले हात मांडीवर तसेच जड ठेवून, भिंतीकडे बघत, ते लाजत लाजत घोट घेत राहिले.

शकू आता एका शाळेत शिकवते. मी दुसऱ्या गावी राहतो. इथल्या खिडकीच्या पडद्याला पितळी कड्या आहेत. बोट लावलं की तो सरकतो. रोज सकाळी मी तो सरकवतो आणि क्षणभर थांबतो. कुणीच ओरडत नाही.