धाकटीच्या बोटाचं माप

लग्नाच्या अंगठीसाठी बोटाचं माप घेतात तेव्हा ते बोट निदान नवरीचं असावं, एवढी साधी अपेक्षा असते. आमच्या घरी तेवढंही जमलं नाही.

आमच्याकडे अजून मुलगी स्वतः सोनाराकडे जात नाही. अंगठी मुलाकडची, म्हणून माप न्यायला मुलाची आई येते. मी त्या दिवशी मुरबाडला लॅबमध्ये कामावर होते. माझ्या होणाऱ्या सासूबाई तानशाच्या बाजूच्या गावाहून दोन एसट्या बदलून वैशाखऱ्याला आमच्या घरी आल्या, साखरपुड्याचा दिवस पक्का केला आणि निघताना पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. माझ्यासाठी थोडं थांबते म्हणाल्या. आईने एका दमात सांगून टाकलं, "तिला यायला सात वाजतील. धाकटीचं घ्या माप. दोघींची बोटं सारखीच हायत."

त्यांनी धाकटीच्या डाव्या हाताच्या अनामिकेला दोरा गुंडाळला, गाठ मारली, तो रिकाम्या काडेपेटीत ठेवला आणि त्या गेल्या. हे सगळं धाकटीने मला सांगितलं, मी हेल्मेट काढायच्या आत.

बोटं सारखीच, हे तसं नऊ दशांश खरं होतं. नऊ बोटं सारखीच होती. दहावं, म्हणजे नेमकं अंगठी घालायचं, ते नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना गावातल्या बोअरच्या पंपाच्या फटीत बोट घालून आत काय आहे ते बघत होते, आणि सहा वर्षांच्या धाकटीने त्याच वेळी दांडा खाली दाबला. हाडवैद्याने पाला लावून, बांबूच्या कामट्या बांधून बोट बसवलं. ते बसलं, पण आपल्या मर्जीने. मधलं पेर सुपारीएवढं जाड झालं आणि टोक करंगळीच्या बाजूला कललं. बुडाशी मात्र बोट बारीकच राहिलं. कामात त्याची कधी अडचण झाली नाही. मी रोज पंधरा-वीस लोकांचं रक्त काढते, शीर सापडत नाही अशी म्हातारी माणसं मुद्दाम माझ्याकडे पाठवतात.

लग्नाच्या बाजारात मात्र दहा बोटं मोजून घेतात. पहिल्या स्थळाच्या बायकांनी चहाचा कप घेताना माझं बोट पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि "कळवतो" म्हणून गेल्या. त्यांचं कळवणं अजून यायचंय. दुसऱ्या स्थळाच्या मामाने सरळच विचारलं, "बोटाला काय झालंय? अंगावर कुठे डाग-बिग नाय ना?" तो काय विचारतोय हे मला लगेच कळलं. कुष्ठरोगाच्या तपासण्या मी स्वतः करते. मला इतका संताप आला की मी उठून आत गेले, आणि ते स्थळही गेलं.

त्यानंतर आईने ठरवलं की बोट दाखवायचंच नाही. तिसऱ्या वेळी पोह्यांचा ट्रे धाकटीने आणला आणि मी डावा हात पदरात घेऊन बसले. मुलगा आसनगावजवळच्या एका कारखान्यात फिटर होता. कमी बोलत होता, पण जे बोलत होता ते माझ्याकडे बघून बोलत होता. मला आवडला. म्हणूनच मीही पदर सोडला नाही, हे सांगायला हवं. सगळा दोष आईवर ढकलून मोकळं होता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

साखरपुड्याला तीन आठवडे होते. रात्री अंथरुणावर पडले की मला मांडव दिसायचा. दोन्हीकडची माणसं, आमच्या रिवाजातल्या पांढऱ्या साड्या, मोबाइल वर धरलेले हात, आणि माझ्या पेरावर अडकलेली अंगठी. तो ढकलतोय, ती जात नाही. कुणीतरी पुढे वाकून बघतंय. मी उठून पाणी प्यायचे, परत पडायचे, परत मांडव. धाकटीची एक पितळेची अंगठी होती, ती मी मोरीत साबण लावून घालून बघायचे. पेरापर्यंत यायची आणि थांबायची. तेल लावलं, बोटाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ओढली, पेर लाल झालं पण अंगठी तसूभर सरकली नाही. लॅबमध्ये एका आजोबांना मी दोनदा टोचलं, असं माझ्या हातून कधी होत नाही. ते म्हणाले, "पोरी, आज ध्यान कुठंय तुझं?"

"काही नाही होत," आई म्हणायची. "अडली तर सांगायचं, काल कामावर बोट दारात सापडलं."

"आणि दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी?"

"एकदा पुडा फुटला की कोण विचारतंय?"

धाकटी तेवढ्यात म्हणाली, "ताई, बोट मी मोडलं, आता बोट मीच दिलं. फिटंफाट." ती हसत होती, पण डोळे माझ्या हाताकडे होते. मला तिचाही राग आला आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम.

फोनवर तो रोज जेवणाच्या सुट्टीत बोलायचा. आज काय भाजी, किती पेशंट, असलं साधं. दर वेळी मी ठरवायचे की आज सांगायचं, आणि दर वेळी भाजीवरच फोन संपायचा.

एका बुधवारी सकाळी मी कामाला निघाले. सरळगावच्या नाक्यावर रोजच्यासारखं मुरबाडकडे सरळ जायचं, तर स्कूटी उजवीकडे किन्हवलीच्या रस्त्याला वळवली. असं काही ठरवलं नव्हतं. लॅबला फोन करून पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते पूर्ण खोटं नव्हतं. मनात हिशोब एवढाच होता की शहापूरला त्यांच्या सोनाराला गाठायचं, गुपचूप माप बदलायचं आणि अकरापर्यंत परत फिरायचं. सोनाराचं दुकान बाजारात कुठे आहे ते त्याच्याच बोलण्यात आलं होतं.

सोनार म्हातारे होते. मी कोण म्हणून विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं, "नवरीची बहीण." आधी बहीण माझी जागा घेऊन बसली, आता मी तिची. त्यांनी कपाटातून काडेपेटी काढली, दोरा दाखवला आणि म्हणाले, "अंगठी घडवायला घेतलीय. काय बदल हाय?" मी हात पुढे केला.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मापाच्या स्टीलच्या कड्यांचा जुडगा घेतला आणि एकेक कडं माझ्या बोटात घालून पाहिलं. जे पेरावरून गेलं ते बुडाशी गरगर फिरायला लागलं. जे बुडाला बसलं असतं ते पेरावर चढेना. "दोन मापं हायत या बोटाला," ते म्हणाले. "तरी करता येतं. मोठी घडवायची आणि आतून दोन बारीक मणी बसवायचे, म्हणजे फिरत नाय." मला एवढं हायसं वाटलं की मी लगेच करा म्हणाले. तेव्हा त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "तुमच्या सांगण्यावर कसं करू? अंगठी ज्यानं सांगितली त्याला सांगू द्या. फोन लावू का?"

"नको," मी म्हणाले. "मी लावते."

दुकानाबाहेर येऊन मी फोन लावला आणि म्हणाले, "मी शहापूरला आहे. सोनाराकडे." तो अर्धी सुट्टी टाकून मोटारसायकलवर आला. हाताला अजून ग्रीस होतं. दुकानाशेजारी उसाच्या रसवाल्याचं बाकडं होतं, तिथे दोन रस सांगून बसलो. मी काही न सांगता डावा हात बाकड्यावर ठेवला. त्याने वाकून पाहिलं, हात लावला नाही. मग मी पंप, हाडवैद्य, दोन स्थळं, धाकटी, दोरा, सगळं एका श्वासात सांगितलं. माझा आवाज चिरका होत होता. रसवाला ऐकतोय याचंही मला काही वाटेना.

"म्हणजे आईनं तुमच्या बहिणीचं माप आणलं," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुमाला म्हायती होतं."

"हो."

"आधी का नाय सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही पुढे आला असता?"

त्याने रुमालाने बोटांवरचं ग्रीस पुसलं. मग म्हणाला, "ठाऊक नाय." मला ते उत्तर झोंबलं. खोटं का होईना, हो म्हणाला असता तर माझा परतीचा रस्ता तरी बरा गेला असता. पण पंधरा दिवसांत कुणी माझ्याशी बोललेलं पहिलं खरं वाक्य तेच होतं, हेही मला बसल्या जागी कळलं.

"सोनाराला गुपचूप सांगून नाय भागणार," तो उठत म्हणाला. "आईनं सोताच्या हातानं माप घेतलंय. मी आईला सांगणार." मी मान डोलावली. रस तसाच राहिला.

घरी येऊन मी आईला सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. "आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास. सगळं जमत आलं होतं." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्याचाही फोन नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली की मी फोन हातात धरून लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन बसायचे आणि अर्ध्या तासाने उठायचे. शनिवारी मी स्वतःला समजावलं की मोडलं तर मोडलं, आणि ते समजावणं दहा मिनिटंही टिकलं नाही. मला ते लग्न हवं होतं. हे इतक्या उघडपणे मी तोवर मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

रविवारी दुपारी त्याची आई आली. एकटीच. आधी कळवलं नव्हतं. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला, "पाणी मागनं." आमच्याकडे आलेल्या माणसाने पाणी बाजूला ठेवलं की समजायचं ते समजतात. धाकटी दारातच थिजली. त्यांनी पिशवीतून रीळ काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हात दे गो."

मी दिला. त्यांनी पेरावरून दोरा फिरवून गाठ मारली, तोडला, मग बुडाला वेगळा दोरा गुंडाळून दुसरी गाठ मारली. दोन्ही दोरे पदराच्या टोकाला बांधले. मग आईकडे वळल्या. "वाकडं बोट हाय, त्याचं मला काय नाय. माझ्या नवऱ्याची दोन बोटं मशिनीत गेली, तरी संसार झाला. पण इहिणबाई, तुमी मला भलतीचाच हात धरायला दिलात. मी तिकडं चार बायकांत सांगितलं, सुनेचं बोट काय नाजूक हाय म्हणून. मला कसं झालं असंल?"

आईने मान खाली घातली. "चुकलं," म्हणाली. इतकं हळू की तिला पुन्हा म्हणावं लागलं.

माझा हात अजून त्यांच्याच हातात होता. अंगठ्याने पेर चाचपत त्यांनी विचारलं, "दुखतं का गो?"

बोटाला काय झालंय हे मला गावाने विचारलं होतं, मामांनी, मास्तरांनी, पेशंटांनी विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "थंडीत दुखतं. पहाटे जास्त. स्कूटीचा ब्रेक दाबताना."

"मग शेकत जा. तव्यावर मीठ गरम करायचं, फडक्यात बांधायचं," त्या म्हणाल्या, आणि तांब्या उचलून पाणी प्यायल्या. साखरपुडा ठरल्या दिवशीच व्हायचा, एवढं सांगून साडेतीनची एसटी गाठायला निघाल्या. धाकटी त्यांना नाक्यापर्यंत सोडायला गेली. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

घरात आई आणि मी दोघीच उरलो. मला वाटलं, आता ती म्हणेल, सुटलो बाई. ती भिंतीला टेकून उभी होती.

"दुखतं तुला?" तिने विचारलं.

"हो."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासून."

"आमच्या देखत कधी बोलली नायस."

"झाकून ठेव म्हणालीस ना," मी म्हणाले. "ठेवलं."

बोलून गेले आणि जीभ चावली, पण शब्द परत येत नाहीत. आई आत गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला, मग तवा ठेवल्याचा, मग मिठाचा डबा उघडल्याचा. बाहेर ऊन रणरणत होतं. बोट त्या वेळी जराही दुखत नव्हतं. मी आत गेले, तिच्यासमोर पाटावर बसले आणि हात पुढे केला.