पाठमोरा चढणारा

सहलीला निघालेल्या माणसांना धाकात ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिले, पण आमच्या कचेरीतल्या टायपिस्टची सर एकालाही नव्हती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याच्या दोन्ही पायांना कॅलिपर होते, काखेत कुबड्या होत्या. जिभेला मात्र कसलाच आधार लागत नसे. ऐंशीच्या आगेमागे, दुसरा शनिवार जोडून आला की आम्ही तिघे कारकून आणि तो नाशिकच्या आसपास कुठेतरी जायचो. एसटी कुठली पकडायची ते तो ठरवणार, भेळ कुणाकडची घ्यायची ते तो ठरवणार आणि पाच मिनिटं उशीर झाला तर स्टँडवर चारचौघांत आमचा पंचनामाही तोच करणार. त्याला आपणहून हात द्यायचा नाही, हा कायदा. निफाडला द्राक्षाच्या बागेत बांध ओलांडताना मी न विचारता त्याचा दंड धरला, तर म्हणाला, "सोड. मी पडलो तर एकटाच पडेन. तू धरलंस तर दोघंही पडू."

पांडवलेण्याच्या पायऱ्या तो बसून चढायचा आणि तेही पाठमोरा. कुबड्या आमच्याकडे देऊन, हातांवर जोर देत एकेक पायरी मागे सरकायचा. "तुम्ही पुढच्याच्या टाचा बघत चढता," तो म्हणायचा, "मी सगळं नाशिक बघत चढतो."

अशा माणसाला आम्ही एकदा फसवलं. अंजनेरीचा डोंगर चढायची टूम निघाली. तो चढ काही त्याला झेपायचा नाही, उगाच कशाला त्याला वाईट वाटू द्या, असा विचार करून आम्ही घरच्या कामांची सबब सांगितली आणि रविवारी गुपचूप जाऊन आलो. सोमवारी पोटऱ्या अशा भरून आल्या होत्या की कचेरीचा जिना आम्ही कठडा धरून, कण्हत चढलो. टाइपरायटर थांबला. पाय मुरगळला, असं मी पुटपुटलो.

"तिघांचा? एकाच रविवारी?" तो म्हणाला. "लंगडण्यातलं मला कळतं रे. हे डोंगर उतरल्याचं लंगडणं आहे."

आम्ही हसलो. तो हसला नाही. आठवडाभर तो आमच्याशी कामापुरतंच बोलला. शेवटी मला राहवेना. तुला त्रास नको म्हणून बोललो नाही, असं मी त्याला सांगितलं.

"माझ्या वतीने तुम्हीच नाही म्हणून मोकळे झालात," तो म्हणाला. "निदान विचारायचं तरी."

पुढच्या महिन्यात आम्ही त्याला अंजनेरीला येतोस का, असं विचारलं आणि तो लगेच निघाला. फाट्यापासून पायथ्यापर्यंत बैलगाडी केली. गाडीवाला त्याच्या पायांकडे बघून म्हणाला, "लय चढ हाय, सायेब. यांना नाय झेपायचा." आम्ही तिघेही त्याच्या अंगावर धावून जाणार होतो, पण टायपिस्टने डोंगर खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळला.

"बरोबर बोलतोय तो. मला नाही जमणार," तो म्हणाला. "जा तुम्ही. मी बसतो इथे." एवढ्या समाधानाने नाही म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आम्ही परत आलो तेव्हा तो गाडीवाल्याला बैल कसे हाकावेत ते शिकवत होता.

पुढे त्याची नांदगावला बदली झाली आणि आमच्या सहली हळूहळू बंद पडल्या. आता माझेही गुडघे गेले आहेत. परवा मुलं आणि सुना दोन दिवस हरसूलकडे फिरून आल्या. "बाबा, तुम्हाला दगदग नको, म्हणून बोललो नाही," थोरला म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. मी गेलोही नसतो. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही आणि टायपिस्टची फार आठवण झाली.