मुरमात गेलेलं तेल

धरणगावजवळच्या आमच्या मळ्यात आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, इंजिन बसवलं तेव्हा मी गावोगाव पत्रकं वाटत होतो. पाणी सर्वांचं, असं त्यांत मीच लिहिलं होतं. पण आमच्या विहिरीला खालच्या वस्तीचा पोहरा लागत नसे. त्यांची विहीर वेगळी, उतारावर, इंजिनाच्या खोपीपासून साठेक पावलांवर.

त्या हिवाळ्यात क्रूड तेलाच्या पिंपाची तोटी माझ्या हातून सैल राहिली. सकाळी पिंप रिकामं, आणि खाली नुसता ओला डाग. आबांनी त्यावर पायाने माती लोटली. म्हणाले, "जमीननी पी लिधं. आते गप ऱ्हाय."

आमच्या विहिरीचा गाळ काढायला आलेल्या नानांनी मात्र तिथे बसून मूठभर मुरूम हुंगला. आयुष्यभर विहिरी खोदलेला माणूस. काळी माती धरून ठेवते, मुरूम काही धरत नाही, ते म्हणाले. खोपीसाठी आम्ही काळी माती काढून टाकली होती. तेल आता झिरपत पाण्यापर्यंत जाणार आणि पाण्यावर तरंगत उताराने सरकणार; आमची विहीर खोपीच्या वरच्या अंगाला, ती वाचणार. खालच्या विहिरीतून जितका उपसा होईल, तितकं ते तिकडे ओढलं जाणार.

सुरुंगासाठी लागणाऱ्या लांब पहारीने नानांनी खोपीपासून खालच्या विहिरीकडे उतारावर एकाखाली एक तीन भोकं पाडून दिली. मी दोरीला कापसाचा बोळा बांधून रोज प्रत्येक भोकात सोडायचो, वर काढून हुंगायचो. दुसऱ्या दिवशी पहिल्या बोळ्याला वास आला. पुढे दोन दिवस खालच्या दोन भोकांत काही नाही. इथेच थांबेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खालच्या विहिरीचा रहाट वाजला की मात्र मी घागरी मोजू लागायचो. तिथे भरलेली प्रत्येक घागर तेलाला एक पाऊल पुढे ओढत होती, आणि ते भरणाऱ्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पाचव्या दिवशी मधला बोळा काळपट निघाला. वस्तीला सांगू या, असं मी आबांना म्हटलं. ते हसले. "तुना पत्रकम्हा 'पानी सर्वासनं' लिखेल शे ना? मंग तेलबी सर्वासनं."

मी तसाच खाली गेलो. जिला सगळे अक्का म्हणत, ती म्हातारी रहाटाशी होती. चूक माझी, हे मी आधी सांगितलं. मग बोळा तिच्या हातात दिला. तिने तो हुंगला, जवळच्या बायकांना घागरी ठेवायला सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग पानी कोठेन लयवानं, भाऊ?"

याचं उत्तर एकच होतं. "आमच्या विहिरीवरून."

अक्का आणि त्या बायका आल्या. मी पोहरा ओढला आणि रीतीप्रमाणे वरून तिच्या घागरीत ओतू लागलो. अक्काने घागर मागे घेतली, हात पुढे केला. तिला दोर हवा होता. आबा खोपीच्या दारात उभे होते. त्यांच्याकडे न बघता मी दोर दिला.

तिने पहिला पोहरा सोडला. आबा आत गेले, आणि रात्री घरी जेवायला बसले तेव्हा त्यांनी माझ्या हातचा तांब्या घेतला नाही.